कोमोड लुई पंधराव्याच्या काळातलं की नुसतं त्या शैलीतलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहता. तिथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात तुम्हाला दोन खणांचं एक फ्रेंच कोमोड, म्हणजे सरकत्या खणांचं बुटकं कपाट, आवडलं आहे: पुढून आणि बाजूंनी फुगीर, फुलापानांचं लाकडी जडावकाम, सोनेरी ब्राँझच्या मुठी, वर तांबडा संगमरवर. दुकानदार तोंडी सांगतो की ते १७५०च्या आसपासचं, म्हणजे फ्रान्सचा राजा लुई पंधरावा याच्या काळातलं, आणि पॅरिसमध्ये घडवलेलं आहे, आणि उजव्या खांबावरचा ‘बी. व्ही. आर. बी.’ हा त्या काळच्या एका नामांकित कारागिराचा शिक्का दाखवून त्या हिशेबाने किंमत मागतो. पुढच्या वर्षी पुण्याला परतताना तुम्हाला ते बरोबर न्यायचं आहे. घ्यावं का?

आधी उत्तर सांगतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून हे काम साधारण १८८० ते १९२० या काळातलं दिसतं. काम चांगलं आहे, वाईट मुळीच नाही. पण शिक्का त्या लाकडाच्या वयाशी जुळत नाही. त्या काळातल्या चांगल्या नकलेची किंमत असेल तर घ्या, शिक्क्यासाठी मात्र एक युरोही जास्त देऊ नका. फोटोंवरून अखेरचा निकाल देता येत नाही, म्हणून मी असं का म्हणतो आणि दुकानात जाऊन तुम्ही काय काय तपासावं, ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दुकानदाराला कोमोड भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढायला सांगा. अठराव्या शतकातला पॅरिसचा कारागीर पाठीवर मेहनत घेत नसे. पाठ भिंतीला टेकणार हे ठरलेलंच, म्हणून तिथे ओकच्या किंवा फरसारख्या सूचिपर्णी झाडाच्या रुंद फळ्या असत आणि त्याही वरवरच रंधलेल्या. फळीवरून तिरकी बोटं फिरवली की रंध्याच्या पात्याचे उथळ चर हाताला लागतात. हाताच्या करवतीच्या खुणा सरळ पण अनियमित असतात, दोन रेघांमधलं अंतर सारखं नसतं. तुमच्या चौथ्या फोटोत पाठीच्या मधल्या फळीवर एकसारख्या अंतराच्या वक्र रेघा स्पष्ट दिसतात. त्या गोल करवतीच्या आहेत, म्हणजे यंत्राच्या. एखादी फळी नंतर बदललेली असू शकते, हे खरं. पण तिन्ही फळ्यांवर तशाच रेघा आहेत आणि तिघींचा रंगही एकसारखाच आहे.

तो रंगच मला जास्त खटकला. अडीचशे वर्षं हवा लागलेलं लाकूड सगळीकडे सारखं काळवंडत नाही. पाठ धुरकट होते. तळ त्याहून काळा पडतो, कारण खालून धूळ आणि ओल लागते. खणाच्या आतला भाग, जिथे उजेडही नाही आणि हवाही नाही, तो फिका आणि कोरडा राहतो. खण पूर्ण बाहेर काढून आत टॉर्च मारली की हा फरक लगेच कळतो. तुमच्या फोटोंत पाठ, तळ आणि खणाची आतली बाजू या तिन्ही ठिकाणी एकच चहासारखा तपकिरी रंग आहे. हा रंग वयाने आलेला नाही, हाताने लावलेला आहे. ओलसर पांढऱ्या फडक्याने एखाद्या कोपऱ्यावर हलकेच पुसून बघा. बहुधा फडक्याला रंग लागेल. पुसायच्या आधी दुकानदाराची परवानगी घ्या. प्रामाणिक माणूस नाही म्हणणार नाही.

किड्यांच्या भोकांवरून लोक वय ठरवतात, ते सोडून द्या. लाकूड पोखरणाऱ्या नेहमीच्या किड्याची बाहेर पडायची भोकं दीड-दोन मिलिमीटरची असतात आणि ती विसाव्या शतकातल्या कपाटातही सापडतात. शोधायचं असतं ते वेगळंच. किडा लाकडाच्या आतून बोगदा करत जातो, पृष्ठभागावरून आडवा चालत नाही. त्यामुळे एखाद्या फळीवर उघडा, लांबट, अर्धा कापला गेलेला बोगदा दिसला तर ती फळी किडा लागून गेल्यानंतर कापलेली आहे. म्हणजे जुन्या मोडक्या फर्निचरचं लाकूड घेऊन नवी वस्तू केली. बनावट काम करणाऱ्यांची ही आवडती पद्धत आहे, कारण लाकूड खरंच जुनं असतं. तुमच्या कोमोडवर असे बोगदे दिसत नाहीत, त्यामुळे ते मुळात फसवण्यासाठी केलेलं नसावं. त्या काळच्या एखाद्या कारखान्याने उघडपणे लुई पंधराव्याच्या शैलीत घडवलेलं असावं आणि पुढे कोणीतरी त्याला रंग आणि शिक्का दिला असावा.

आता खण. हाताने कापलेले डव्हटेल सांधे (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे, एकमेकांत अडकणारे) एकमेकांसारखे नसतात, कोन थोडे बदलतात आणि करवत रेषेच्या जराशी पुढे गेल्याच्या बारीक खुणा राहतात. खण ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या आणि खणाच्या खालच्या कडा एकाच ठिकाणी झिजलेल्या असल्या पाहिजेत. एकीकडे झीज आणि दुसरीकडे नवी धार, असं झालं की एक भाग बदललेला आहे. बदललेला असेल तरी हरकत नाही, दोन शतकं रोज वापरलेल्या खणाच्या पट्ट्या बदलाव्याच लागतात. पण मग विक्रेत्याने तसं सांगायला हवं.

त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे व्हिनिअरची, म्हणजे वरून चिकटवलेल्या शोभेच्या लाकडाच्या पातळ थराची, जाडी. अठराव्या शतकात व्हिनिअर हाताच्या करवतीने कापत, त्यामुळे ते दीड ते तीन मिलिमीटरपर्यंत जाड आणि जागोजागी कमीजास्त असतं. एकोणिसाव्या शतकात यंत्राची करवत आली तशी जाडी कमी आणि सारखी होत गेली, आणि पुढे पात्याने सोललेलं व्हिनिअर आलं, ते मिलिमीटरहूनही कमी. खणाच्या दर्शनी फळीच्या वरच्या कडेवर हे नीट दिसतं. तुमच्या फोटोत ते एका मिलिमीटरच्या आसपास आणि टोकापासून टोकापर्यंत एकसारखं आहे. मला सर्वांत ठाम पुरावा हा वाटतो. पाठीच्या फळ्या बदलता येतात, पट्ट्या बदलता येतात, पण फुगीर दर्शनी भागावरचं सगळं जडावकाम कोणी बदलत नाही.

फुगीर म्हटलं की या कामाची अवघड बाजू आठवते. असा दोन दिशांनी वळणारा पृष्ठभाग एका फळीतून निघत नाही. लाकडाचे तुकडे सरसाने जोडून ठोकळा करायचा, तो कोरून आकार द्यायचा, मग त्यावर व्हिनिअरचे तुकडे गरम करून, दाबून बसवायचे. दोन खणांच्या मध्ये आडवी पट्टी दिसू न देता एकच चित्र दोन्हींवर पसरवायचं, हा त्या काळचा मोठा पराक्रम होता. लुई पंधराव्याच्या व्हर्सायच्या राजवाड्यातल्या शयनगृहासाठी आंत्वान-रोबेर गोद्रो या कारागिराने १७३९ साली दिलेलं कोमोड आज लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात आहे. त्यावरचं जाक काफिएरीचं ब्राँझ वेलीसारखं दोन्ही खणांवरून बिनदिक्कत धावतं. तुम्हाला लंडन लांब पडेल, पण ल्योंहून पॅरिस रेल्वेने दोन तासांवर आहे. लूव्हर संग्रहालयातली अठराव्या शतकाच्या फर्निचरची दालनं एक दिवस काढून बघाच. तिथे मात्यू क्रिआरने १७४२ साली शुआझीच्या राजवाड्यासाठी केलेलं निळं-पांढरं कोमोड आहे. आणि ज्याचा शिक्का तुमच्या कोमोडवर आहे त्या बेर्नार व्हान रिझेनबर्गने १७३७ साली राणी मारी लेश्चिन्स्काच्या फोंतेनब्लोच्या राजवाड्यातल्या दालनासाठी जपानी लाखकामाच्या फळ्या कापून केलेलं कोमोडही तिथेच आहे. जपानी पेटीची ती सपाट फळी फुगीर अंगावर कशी बसवली असेल, हा विचार करत मी त्याच्यासमोर पुष्कळ वेळ उभा राहतो. ते पाहून परत या आणि मग दुकानातलं कोमोड बघा. फरक डोळ्यांनाच कळेल.

शिक्क्याबद्दल आता. पॅरिसच्या फर्निचर कारागिरांच्या संघाने १७४३ साली नियम लिहिले, ते १७५१ साली अधिकृतपणे नोंदले गेले. त्यानुसार प्रत्येक उस्तादाने आपल्या नावाचा लोखंडी ठसा मालावर मारणं सक्तीचं झालं. संघाचे तपासनीस येऊन काम पसंत पडलं की ‘जे. एम. ई.’ असा आपला ठसा मारत. १७९१ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात संघच बरखास्त झाला आणि सक्ती संपली. राजासाठी काम करणारे आणि फोबूर सेंत-आंत्वानसारख्या खास सवलतीच्या वस्तीतले कारागीर या नियमातून मोकळे होते, म्हणून अस्सल असूनही बिनशिक्क्याची कोमोडं भरपूर आहेत. उलट, दुसऱ्याचं काम दुरुस्त करून विकणारेही आपला शिक्का मारत. तेव्हा शिक्का खरा असला तरी तो घडवणाऱ्याचाच असेल असं नाही. आणि खोटा ठसा करणं तर फारच सोपं आहे, कारण लोखंडाचा एक तुकडा आणि हातोडी एवढंच लागतं. ‘बी. व्ही. आर. बी.’ म्हणजे नेमका कोण, हे १९५७ साली उलगडलं. तेव्हापासून या अक्षरांना फार मोठी किंमत आली आणि जिथे किंमत तिथे खोटे ठसे आलेच. तुमच्या फोटोत ठशाच्या कडा टवटवीत आहेत आणि अक्षरांच्या आतलं लाकूड आजूबाजूच्या रंगाहून फिकं आहे. आधी रंग, मग ठसा, असा क्रम लागला आहे.

म्हणून माझा नेहमीचा नियम असा: लाकूड, सांधे, व्हिनिअर, ब्राँझ हे सगळं आधी पाहायचं आणि शिक्का सर्वांत शेवटी. बाकी सगळ्यांनी जे सांगितलं त्याला शिक्क्याने दुजोरा द्यावा. तो एकटाच काही सांगत असेल तर ऐकू नये. यात मोठमोठी माणसंही चुकली आहेत. २०१६ साली उघडकीला आलेल्या प्रकरणात व्हर्सायच्या राजवाड्याने अठराव्या शतकातल्या म्हणून घेतलेल्या खुर्च्या बनावट निघाल्या, आणि त्या बनवण्यात या विषयावर अधिकाराने लिहिणारा पॅरिसचा एक तज्ज्ञच सामील होता.

ब्राँझच्या मुठी आणि कोपरे यांच्याकडेही थोडा वेळ द्या. लाकूडकाम करणाऱ्यांना धातू ओतायची परवानगी नव्हती, तो वेगळ्या संघाचा हक्क. शार्ल क्रेसाँसारख्या मोठ्या कारागिराने आपल्याच कारखान्यात ब्राँझ ओतायला सुरुवात केली तेव्हा त्याला खटल्यांना तोंड द्यावं लागलं. त्या काळी सोनं पाऱ्यात विरघळवून धातूवर लावत आणि तापवून पारा उडवून देत. त्या वाफेने कारागिरांची शरीरं पोखरली, पण मुलामा असा बसे की अडीच शतकांनंतरही टिकतो. काही भाग मंद आणि काही घासून झळाळते ठेवलेले असतात, तो दुहेरी पोत ओळखायला शिका. विजेने मुलामा द्यायची पद्धत १८४०नंतरची. तिचा रंग सपाट, सगळीकडे सारखा पिवळा. एक मूठ सोडवून मागची बाजू बघू द्या म्हणावं. स्क्रूला टोकदार अणी असेल आणि आटे अगदी सारखे असतील तर तो यंत्राचा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. मुठीच्या मागे लाकडात जास्तीची बुजवलेली भोकं असतील तर मुठी बदललेल्या आहेत. काही ब्राँझवर मुकुट आणि खाली फ्रेंच ‘सी’ असा इवलासा ठसा सापडतो. तो १७४५ ते १७४९ या चारच वर्षांत वसूल केलेल्या करासंबंधीचा आहे, म्हणून त्यावरून काळ फार नेमका कळतो. अर्थात त्याचेही खोटे ठसे असतात.

संगमरवर उचलून बघाच. दोन माणसं लागतील, आणि पाटा उचलल्यावर उभा धरायचा, आडवा नाही. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने शिरेवर मोडतो. खालची बाजू छिन्नीने ओबडधोबड तासलेली असेल तर तो जुना असण्याची शक्यता वाढते. गुळगुळीत कापलेली असेल तर बहुधा नंतरचा. पाट्याचं वळण खालच्या लाकडाच्या वळणाशी नीट जुळतं का आणि पुढे सगळीकडे सारखाच बाहेर आला आहे का, तेही पाहा. मूळ पाटा फुटून दुसरा बसवणं इतकं सर्रास होतं की मी त्यासाठी वस्तू नाकारत नाही, किंमत मात्र कमी धरतो.

एवढं सगळं लिहिल्यावर नकलेबद्दल तुमचं मन उतरू नये असं मला मनापासून वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये आंरी दासाँ, पॉल सोर्मानी, आल्फ्रेद बोर्दले, फ्रांस्वा लिंक अशांनी जुन्या राजवाडी कामांच्या नकला आणि त्यांवरून सुचलेली नवी कामं केली, तीही अव्वल दर्जाची. लिंकला १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं आणि त्याच्या फर्निचरला आज स्वतःचाच मान आहे. कुलपाच्या पट्टीवर आणि ब्राँझच्या कोपऱ्यात एखादं नाव कोरलेलं आहे का, ते नीट शोधा. तुमच्या कोमोडवर यांतलं एखादं नाव निघालं तर त्या खोट्या शिक्क्यापेक्षा ते मोलाचं.

व्यवहार करताना एकच शब्द कागदावर बघायचा. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१चा शासकीय आदेश आहे. त्यानुसार पावतीवर ‘एपोक लुई पंधरावा’ असं लिहिलं तर वस्तू त्याच काळातली असल्याची ती हमी होते, आणि नंतरची दुरुस्ती किंवा बदल असतील तर तेही सांगावे लागतात. ‘स्तील लुई पंधरावा’ लिहिलं तर काळाची कोणतीही हमी नाही, फक्त शैली तशी. तुम्ही पाठवलेल्या कच्च्या पावतीत ‘स्तील’ आहे. तोंडाने १७५० म्हणणाऱ्या दुकानदाराला सांगा, “पावतीवर एपोक लिहून सही करा.” तो लिहिणार नाही. मग त्याच क्षणी किंमतीची बोलणी नव्याने सुरू करा.

आता पुण्याचा विषय, कारण मला खरी काळजी तिथली आहे. या कोमोडवरचं गुलाबी आणि जांभळट लाकूड ब्राझीलहून येणाऱ्या डालबर्जियाचं आहे, आपल्या शिसवीच्याच वंशातलं. या वंशाच्या सगळ्या जाती २०१७पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. त्यामुळे फ्रान्समधून निघताना आणि भारतात उतरताना कोणते कागद लागतील, ते मालवाहतूक कंपनीकडून लेखी घ्या. कासवाच्या पाठीचं किंवा हस्तिदंताचं जडावकाम असलेली वस्तू असती तर मी सरळ नको म्हटलं असतं. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू एकदा भारतात आली की परत बाहेर नेताना १९७२चा पुरावशेष कायदा आडवा येऊ शकतो, तेही ध्यानात ठेवा.

हवेचा प्रश्न याहून कठीण. सगळं व्हिनिअर सरसाने चिकटवलेलं असतं, आणि सरस ओलीने सैल होतो व कोरड्या हवेत कडक होऊन तडकतो. पुण्यात एप्रिल-मेची कोरडी हवा आणि जुलैची दमट, हा फरक आतल्या लाकडाला आकुंचन-प्रसरण करायला लावतो आणि वरचं व्हिनिअर फुगे धरून सुटतं. बाहेरच्या भिंतीला, खिडकीजवळ किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. फुगा दिसला तर फेविकॉल टोचून भरू देऊ नका. सरस ऊब आणि ओलावा देऊन पुन्हा सोडवता येतो, फेविकॉल तसा सुटत नाही, पुढच्या दुरुस्तीचं दार बंद होतं. घरी मदतीला येणाऱ्या मावशींना आधीच सांगा की मुठींना पितांबरी, चिंच, ब्रासो काही लावायचं नाही. मुलामा इतका पातळ असतो की चार-दोन वेळा घासलं की खालचं पितळ दिसू लागतं. कोरडं मऊ फडकं पुरे. लाकडाला वर्षातून एकदा थोडं मेण. आणि कोणी सुतार म्हणाला की सगळं पॉलिशपेपरने घासून नवं करून देतो, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. एका मिलिमीटरच्या व्हिनिअरवर घासायला जागाच नसते.

हे सगळं जपणं जड वाटत असेल तर तुमच्याच तिसऱ्या फोटोकडे परत बघा. कोमोडच्या मागे, खुर्च्यांच्या ढिगाआड, अक्रोडाच्या लाकडाचं एक साधं तीन खणांचं कोमोड अर्धवट दिसतं. पुढून हलकं नागमोडी, ब्राँझ जवळपास नाहीच, वरचा पाटाही लाकडाचाच. ल्यों आणि आजूबाजूच्या भागात अठराव्या शतकात अशी भरीव अक्रोडाची कोमोडं पुष्कळ झाली. ग्रनोब्ल शहरातल्या हाश या कारागीर घराण्याने तर त्या परिसरातल्या लाकडांतून पॅरिसच्या तोडीचं काम केलं आणि काही कामांत छापील लेबलंही चिकटवली. तुमच्या फोटोतलं हाश असेल असं मी म्हणत नाही. पण त्याच्या उजव्या कडेवर पाठीची फळी डोकावते आहे, ती धुरकट, असमान आणि रुंद आहे. भरीव लाकूड असल्याने व्हिनिअर सुटायचा प्रश्न नाही, पुण्याचा पावसाळा ते बऱ्याच अंशी सोसेल, आणि अशा प्रांतिक फर्निचरच्या किंमती गेल्या वीसेक वर्षांत पुष्कळ उतरल्या आहेत. शनिवारी दुकानात गेलात तर त्याचे खण बाहेर काढून आतले, तळाचे आणि पाठीचे फोटो पाठवा. जमलं तर सांध्यांचा जवळून एक आणि कुलपाचा एक.